‘स्टार ट्रेक’मध्ये समलिंगी माणसे इतक्या उशिरा का आली?

तिरपी चौकट (धागाकर्ता)

‘स्टार ट्रेक’ या अवकाशप्रवासाच्या कथाविश्वाची मूळ मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६मध्ये सुरू झाली. याच विश्वातल्या एखाद्या मालिकेत नेहमीच्या पात्रांपैकी दोन पुरुष एकमेकांचे जोडीदार आहेत, हे प्रेक्षकांना दिसले ते ऑक्टोबर २०१७मध्ये, ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या पर्वात. मधे एकावन्न वर्षे गेली. जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबल्याला पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा या मालिकेने सुलूला यानाच्या सुकाणूवर बसवले (ती भूमिका करणाऱ्या जॉर्ज टाकेई यांचे स्वतःचे बालपण त्या छावण्यांत गेले होते), शीतयुद्ध चालू असताना त्याच्या शेजारी रशियन चेकॉव्ह आणला, आणि १९६८मध्ये गोरा कॅप्टन कर्क व कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन दाखवून दक्षिणेकडच्या वाहिन्यांचा रोष पत्करण्याची तयारी दाखवली. अशा मालिकेचा पाय नेमका इथेच का अडखळावा, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे. पुढे अनेक भागांचा रहस्यभेद होणार आहे, याची नोंद घ्यावी.

‘काळच तसा होता’ हे उत्तर मला मूळ मालिकेपुरते मान्य आहे. १९६६ ते १९६९ या काळात समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणारे अमेरिकेत एकच राज्य होते, ते म्हणजे इलिनॉय. आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३मध्ये. त्या तीन पर्वांच्या मालिकेला जाब विचारण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेपासून सुरू होतो, कारण तिथे इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली गेली होती. मालिका सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९८६च्या नोव्हेंबरात, बोस्टनच्या एका चाहता-संमेलनात समलिंगी पात्रांविषयी प्रश्न आला, तेव्हा ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांनी आता ती वेळ आली आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. ट्रिबल नावाच्या गुबगुबीत प्राण्यांचा गाजलेला भाग लिहिणारे डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा तिथे हजर होते आणि नव्या मालिकेच्या लेखकवर्गातही होते. त्यांनी तो शब्द मनावर घेतला आणि ‘ब्लड अँड फायर’ ही पटकथा लिहिली. रक्तातून पसरणाऱ्या परजीवींनी ग्रासलेले एक यान, संसर्गाची भीती आणि रक्तदान अशी ती कथा होती. एड्सच्या धास्तीने त्या काळी लोक रक्त द्यायलाही कचरत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे प्रयोजन कळते. तिच्यात यानावरचे दोन पुरुष सहकारी जोडपे म्हणून येतात, पण नात्याचा उल्लेख म्हणाल तर तुम्ही किती दिवस एकत्र आहात, या प्रश्नाला मिळालेले ‘अकादमीपासून’ एवढे उत्तर. तेवढेही जड झाले. काही शहरांत मालिका दुपारी लागते आणि मुले ती पाहतात, असा आक्षेप पुढे आल्याचे जेरॉल्ड यांनी नंतर सांगितले आहे. पटकथा बासनात गेली आणि जेरॉल्डही बाहेर पडले.

त्यानंतर जे आले ते रूपकाच्या वाटेने. याच मालिकेच्या १९९१च्या ‘द होस्ट’ या भागात डॉक्टर क्रशर ओडान नावाच्या राजदूताच्या प्रेमात पडते. तो ट्रिल आहे, म्हणजे खरा ओडान हा त्या पुरुषदेहात वसणारा एक सहजीवी जीव आहे, हे तिला नंतर कळते. तो देह मरतो, ओडान काही काळ यानाचा उपकप्तान रायकर याच्या शरीरात राहतो आणि तेव्हा क्रशरची ओढ कशीबशी टिकते. पण नवा देह स्त्रीचा निघाल्यावर ती थांबते. शरीर इतक्या वेगाने बदलणे आम्हा मानवांना झेपत नाही, अशी काहीशी सबब ती देते. १९९२मध्ये ‘द आउटकास्ट’ आला. त्यातल्या जनाई समाजात स्त्री-पुरुष भेदच नाही, आणि आपल्याला लिंगभाव आहे असे ज्यांना जाणवते त्यांच्यावर ‘उपचार’ केले जातात. सोरेन नावाची जनाई रायकरवर जीव टाकते, पकडली जाते आणि न्यायसभेपुढे अतिशय धैर्याचे भाषण करते. रायकर तिला सोडवायला येतो तोवर उपचार झालेले असतात, आणि आपण आजारी होतो, आता बऱ्या झालो, असे ती शांतपणे सांगते. शेवट म्हणून तो अंगावर येतो, यात शंका नाही.

तरीही तो भाग पुन्हा पाहताना माझे लक्ष दुसरीकडे जाते. सोरेन रायकरला आणि क्रशरला मानवी स्त्री-पुरुषांविषयी खोदून खोदून विचारते. आकर्षण कसे असते, बायका सजतात कशासाठी, पुढाकार कोण घेतो, असे तिचे प्रश्न आहेत. त्या सगळ्या संभाषणांत ‘आमच्याकडे काही पुरुषांना पुरुष आणि काही स्त्रियांना स्त्रियाच आवडतात’ हे साधे वाक्य कोणीही उच्चारत नाही. चोविसाव्या शतकातल्या सहिष्णू मानवसमाजाची माहिती एका परग्रहवासीयाला दिली जाते आणि तिच्यात समलिंगी माणूस औषधालाही नसतो! त्यात सगळे जनाई स्त्री-कलाकारांनी रंगवलेले, त्यामुळे पडद्यावर दिसते ते एका पुरुषाने एका स्त्रीचे घेतलेले चुंबन. सोरेनच्या भूमिकेत पुरुष हवा होता, असे खुद्द रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स पुढे म्हणाले आहेत.

माझे म्हणणे असे की ‘स्टार ट्रेक’मध्ये रूपक ही आडोशाची जागा झाली. विषय हाताळल्याचे श्रेय मिळत होते आणि एकाही मानवी पात्राला समलिंगी म्हणावे लागत नव्हते. आपल्याला काय वाटते?

भरतीरेषा

लेखन आवडले, परंतु निष्कर्ष थोडा कठोर वाटला. ‘द नेक्स्ट जनरेशन’ कोणत्याही एका राष्ट्रीय वाहिनीवर नव्हती. तिचे भाग सिंडिकेशन पद्धतीने गावोगावच्या स्वतंत्र केंद्रांना दिले जात, प्रत्येक केंद्र आपल्या सोयीच्या वेळेला ते दाखवी आणि प्रत्येक केंद्राचे स्वतःचे स्थानिक जाहिरातदारही असत. मोठ्या वाहिनीत एका माणसाला पटवले की काम होते. इथे कुठल्याही कोपऱ्यातल्या केंद्रप्रमुखाने भाग लावायचे नाकारले तर पैसा अडकत होता. दुपारच्या वेळेचा जो आक्षेप आपण उद्धृत केला आहे, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. ‘डिस्कव्हरी’ वर्गणी भरून पाहण्याच्या सेवेवर आली, तिथे कोणा केंद्रप्रमुखाचा प्रश्नच उरला नव्हता. उशीर का झाला याचे उत्तर शोधताना लेखकांच्या मनोवृत्तीइतकेच वितरणाकडेही पाहायला हवे.

दुसरे असे की रूपकाला सरसकट नावे ठेवण्याआधी ‘डीप स्पेस नाइन’ या त्यानंतरच्या मालिकेचा ‘रिजॉइन्ड’ हा भाग विचारात घ्यावा. ऑक्टोबर १९९५चा हा भाग एव्हरी ब्रुक्स यांनी दिग्दर्शित केला होता. त्या मालिकेतली विज्ञान-अधिकारी जॅडझिया डॅक्स ट्रिल आहे. तिच्यातला सहजीवी पूर्वी टोरियास नावाच्या पुरुषाच्या देहात असताना नीलानीशी विवाहबद्ध होता. टोरियास अपघातात मेला. आता नीलानीचा सहजीवी लेनारा कान या शास्त्रज्ञ स्त्रीच्या देहात आहे आणि दोघी समोरासमोर येतात. ट्रिल समाजात मागल्या देहातली नाती पुन्हा जोडणे हा मोठा अपराध आहे आणि त्याची शिक्षा हद्दपारी. दोघी जवळ येतात, चुंबन होते, आणि अखेरीस लेनाराचे धाडस होत नाही, ती निघून जाते. संपूर्ण भागात ‘पण तुम्ही दोघी स्त्रिया आहात’ असे एकही पात्र म्हणत नाही. जॅडझियाची सहकारी किरा हिला तो निषेध समजावून सांगावा लागतो, तेव्हा तिला प्रेमात पडलेल्या दोघींना वेगळे ठेवणेच चमत्कारिक वाटते. ‘द होस्ट’मध्ये जिथे दार बंद झाले, तिथून चारच वर्षांत, त्याच ट्रिल प्रजातीच्या साहाय्याने, ते उघडले गेले. रूपक इथे आडोसा नसून ओझे वाहणारा खांब आहे, असे मी म्हणेन.

या भागानंतर निर्मिती-कार्यालयात आलेल्या एका फोनचा किस्सा सांगितला जातो. दोन बायकांचे चुंबन दाखवून तुम्ही माझी मुले बिघडवता आहात, अशी एका गृहस्थांची तक्रार होती. फोन घेणाऱ्या सहायकाने विचारले की एकीने दुसरीला गोळी घातली असती तर चालले असते का. गृहस्थ म्हणाले, चालले असते. त्यावर सहायकाने त्यांना, मुलांना नक्की कोण बिघडवते आहे याचा फेरविचार करायला सुचवले.

कोनाडा

भरतीरेषा, सिंडिकेशनचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु तो एका उदाहरणापाशी लंगडा पडतो. ‘बॅबिलॉन ५’ ही विज्ञानकथा मालिकादेखील स्वतंत्र केंद्रांमार्फतच दाखवली जात होती आणि तिचा अर्थसंकल्प ‘स्टार ट्रेक’च्या तुलनेत तुटपुंजा होता. तिथे सुझन इव्हानोव्हा आणि टॅलिया विंटर्स या दोन मानवी स्त्रियांमधली जवळीक ‘रिजॉइन्ड’ प्रक्षेपित झाला त्याच महिन्यात, काही दिवस आधी, दाखवली गेली. पुढच्या एका पर्वात इव्हानोव्हा आपले टॅलियावर प्रेम होते, असे जवळपास स्पष्टच बोलते. १९९७मध्ये तर दोन पुरुष पात्रे मंगळावर गुप्तपणे जाताना नवविवाहित जोडपे असल्याची बतावणी करतात आणि त्या बतावणीचे कोणाला नवल वाटत नाही. एका क्षणात प्रेक्षकाला समजते की या भविष्यात असे विवाह होतात. त्यासाठी ना सहजीवी लागला, ना नवी प्रजाती. थोडक्यात, वितरणव्यवस्था तीच असूनही दुसऱ्या कोणाला जे जमले, ते न जमण्याचे कारण घरातच शोधावे लागते.

विज्ञानकथेबाहेर पाहिले तर परिस्थिती अधिक अवघड दिसते. ‘एल.ए. लॉ’मध्ये दोन स्त्रियांचे चुंबन फेब्रुवारी १९९१मध्ये, म्हणजे ‘द होस्ट’च्याही आधी, राष्ट्रीय वाहिनीवर दिसले होते. १९९७मध्ये ‘एलेन’च्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, १९९८मध्ये ‘विल अँड ग्रेस’ सुरू झाली. ‘व्हॉयेजर’ आणि ‘एंटरप्राइझ’ या ‘स्टार ट्रेक’ मालिका याच काळातल्या. ‘व्हॉयेजर’मध्ये कॅप्टन जेनवे साकारणाऱ्या केट मलग्रू यांनी समलिंगी पात्राचा आग्रह धरला होता, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ‘एंटरप्राइझ’ने २००३मध्ये एड्सवर भाग केला आणि तो कसा केला? व्हल्कन या टोकदार कानांच्या परग्रहवासीयांत दुसऱ्याच्या मनाशी मन जोडणारे, म्हणजे मनोमीलन करणारे, जे अल्पसंख्य, त्यांच्यामध्ये पसरलेला आजार, आणि त्यांच्याकडे तिरस्काराने पाहणारे व्हल्कन वैद्य. २००३ साली! त्या वेळी साध्या विनोदी मालिकांतही माणसे आपले नाव सांगून वावरत होती आणि भविष्याचा वेध घेणारी मालिका अजून टोकदार कानांच्या मागे लपत होती. धागाकर्त्याचा आडोशाचा मुद्दा मला इथे शंभर टक्के पटतो.

सातवा मैल

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी एक शंका मांडतो, राग नसावा. मी ‘स्टार ट्रेक’ पाहतो ते अवकाश, नवे ग्रह, नैतिक पेच आणि तत्त्वचर्चा यांसाठी. शयनगृहात कोण कोणाबरोबर आहे, याच्याशी कथेला कर्तव्य काय? समलिंगी पात्र नाही याचा अर्थ त्यांच्याविरुद्ध काही आहे असा होत नाही. पात्रांचे खासगी जीवन मुळातच दुय्यम आहे, असाही होऊ शकतो.

तिरपी चौकट

सातवा मैल, राग कसला, हा प्रश्न येणे आवश्यकच होते. मात्र खासगी जीवन दुय्यम असल्याचा दावा त्या मालिकेशी ताडून पाहा. ‘द होस्ट’च्या चारच महिने आधी, जानेवारी १९९१मध्ये, ‘डेटाज डे’ हा भाग आला. त्याचा कणा काय आहे? माइल्स ओब्रायन आणि केको यांचे लग्न. नवरीने ऐन वेळी नकार देणे, यंत्रमानव डेटाने वराला तो निरोप आनंदाची बातमी म्हणून सांगणे, डॉक्टर क्रशरने डेटाला नाच शिकवणे, कॅप्टनने लग्न लावणे, हे सारे त्यात आहे आणि ते मोठे लोभस आहे. पुढे त्या दोघांची मुले होतात, भांडणे होतात, जेवणाच्या आवडीनिवडींवरून कुरबुरी होतात. रायकर-ट्रॉय, पिकार्डची जुनी प्रेमप्रकरणे, वॉर्फचा मुलगा, सिस्कोचा संसार! या मालिकांना खासगी आयुष्याचे वावडे कधीच नव्हते. भिन्नलिंगी आयुष्य दाखवले की ते आपल्याला ‘आयुष्य’ वाटते आणि समलिंगी दाखवले की ‘शयनगृह’ वाटते, एवढाच काय तो फरक आहे.

याच मालिकेत शब्दाशब्दाची लढाई कशी चालत असे, त्याचे एक उदाहरण १९९०च्या ‘द ऑफस्प्रिंग’चे दिले जाते. डेटाने घडवलेली मुलगी लाल एका जोडप्याला चुंबन घेताना पाहून प्रश्न विचारते, आणि यानावरचे मद्यालय चालवणारी गायनन तिला समजावून सांगते. पटकथेत ‘स्त्री आणि पुरुष प्रेमात पडतात तेव्हा’ अशी सुरुवात होती. गायनन साकारणाऱ्या व्हूपी गोल्डबर्ग यांनी ती म्हणायला नकार देऊन ‘दोन व्यक्ती’ असे हवे म्हटले, असे सांगतात.

कोनाडा, ‘बॅबिलॉन ५’ची आठवण करून दिल्याबद्दल आभार. भरतीरेषा, ‘रिजॉइन्ड’बाबत मी बराचसा सहमत आहे. एक खटक मात्र राहते. त्या दोघींच्या प्रेमाला आधी एका स्त्री-पुरुष विवाहाची पूर्वपीठिका द्यावी लागली आणि भाग संपताच लेनारा कायमची गेली. तरीही इतक्या दाटीवाटीच्या जागेत लेखकांनी जे साधले, त्याला तोड नाही.

अधलीमधली ओळ

पडद्यावरच्या मालिकेने जे टाळले ते प्रेक्षकांनी केव्हाच लिहून टाकले होते, याचाही उल्लेख इथे व्हायला हवा. मूळ मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याचा व्हल्कन सहकारी स्पॉक यांना प्रेमी म्हणून रंगवणारी चाहत्यांची पहिली छापील कथा १९७४मध्ये ‘ग्रुप’ या चाहता-नियतकालिकात आली. डायेन मर्चंट या लेखिकेने ती इतक्या आडवळणाने लिहिली होती की दोघांची नावेच तिच्यात नव्हती. पुढे अशा कथांचा पूर आला, आणि बहुतेक लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या. हाताने टाइप केलेली, सायक्लोस्टाइल केलेली, टपालाने किंवा संमेलनांत टेबलाखालून विकली जाणारी ही पुस्तके. दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरून या सबंध प्रकाराला ‘स्लॅश’ हे नाव पडले आणि आज कोणत्याही मालिकेच्या चाहत्यांना ते परके नाही. रॉडनबेरी यांना याची कल्पना होती. पहिल्या चित्रपटाच्या त्यांनी केलेल्या कादंबरीरूपात, १९७९मध्ये, एक तळटीप आहे: स्पॉक कर्कला ज्या व्हल्कन शब्दाने मनात संबोधतो त्याचे मित्र, भाऊ आणि प्रियकर असे तिन्ही अर्थ होतात, आणि कर्क त्यावर मिश्कीलपणे आपली पसंती स्त्रियांना असल्याचे सांगतो. नाकारले म्हणावे तर नाकारलेले नाही, स्वीकारले म्हणावे तर तेही नाही. या माणसाच्या सगळ्या धोरणाचा अर्क मला त्या तळटिपेत दिसतो.

आणखी एक दुवा सहसा कोणी सांगत नाही. व्हल्कनांचा माजाचा काळ, स्पॉकचे मोडलेले लग्न आणि कर्कशी त्याचे प्राणांतिक द्वंद्व असलेला ‘अमोक टाइम’ हा १९६७चा भाग थिओडोर स्टर्जन यांनी लिहिला. समलिंगी प्रेमाकडे सहानुभूतीने पाहणारी अमेरिकन विज्ञानकथेतली अगदी सुरुवातीची एक कथा, ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’, याच स्टर्जन यांची, ती १९५३ची. म्हणजे या विषयावर आधीच लिहून मोकळा झालेला लेखक पहिल्या दिवसांपासून या मालिकेच्या दाराशी होता. स्पॉकच्या त्या भागात चाहत्यांनी जे वाचले, ते अगदीच हवेतून आलेले नव्हते.

भरतीरेषा

अधलीमधली ओळ, स्टर्जन यांचा दुवा मला नवा होता. मनःपूर्वक आभार.

सुलूच्या प्रकरणावर कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. २०१६च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये यॉर्कटाउन तळावर उतरलेल्या सुलूला त्याचा नवरा आणि लहान मुलगी भेटायला येतात, सुलू मुलीला उचलतो, नवऱ्याच्या कमरेभोवती हात टाकतो आणि तिघे चालू लागतात. काही सेकंदांचा प्रसंग. नवऱ्याची भूमिका चित्रपटाचे सहलेखक डग जंग यांनी केली. चुंबनही चित्रित झाले होते, पण ते अंतिम चित्रपटात राहिले नाही, असे नव्या चित्रपटांत सुलू साकारणाऱ्या जॉन चो यांनी सांगितले. टाकेई यांना मान म्हणून हे केल्याचे निर्माते म्हणत होते आणि २००५मध्ये जाहीरपणे आपली ओळख सांगितलेल्या टाकेई यांनीच त्याला ‘दुर्दैवी’ म्हटले! मी ज्याला आयुष्यभर साकारले तो सुलू रॉडनबेरींनी भिन्नलिंगी म्हणून कल्पिला होता, समलिंगी पात्र हवे तर नवे घडवा, ही त्यांची भूमिका. लेखक सायमन पेग यांनी आदरपूर्वक मतभेद नोंदवला: नव्या पात्राची ओळख प्रेक्षकांना ‘तो समलिंगी’ एवढीच राहिली असती, तर सुलू मात्र आधी सुलू आहे.

मला यात पेग यांचे पटते. आपल्याला आवडून गेलेल्या, ज्याच्या शौर्यावर विश्वास बसला आहे अशा माणसाविषयी ही गोष्ट सहज कळणे, हाच अनुभव प्रत्यक्ष जगात बहुतेकांचा असतो. परंतु टाकेई यांची खंतही समजते. रॉडनबेरी यांच्याशी साठच्या दशकात त्यांनी हा विषय खासगीत काढला होता आणि मालिका बंद पडेल या भीतीने तो तिथेच थांबला होता. त्यानंतर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी मिळालेला सन्मान कमरेवरच्या हातापुरताच असेल, तर माणूस हरखून जाणार कसा?

कोनाडा

याच्याशी ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका ताडून पाहण्याजोगी आहे. नोव्हेंबर १९६३मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे. ते लखनऊला जन्मलेले, आणि समलिंगी. बीबीसीच्या कॉरिडॉरमधून वावरताना पहिली गोष्ट लपवता येत नव्हती आणि दुसरी दाखवता येत नव्हती. इंग्लंड आणि वेल्समध्ये तेव्हा समलिंगी संबंध गुन्हाच होता, तो कायदा १९६७मध्ये सैल झाला. ही मालिका १९८९ ते २००५ जवळजवळ बंद होती, हे एका परीने पथ्यावर पडले. पुनरुज्जीवन झाले ते समलिंगी पुरुषांवरची ‘क्वीअर अ‍ॅज फोक’ ही मालिका लिहिलेल्या रसेल टी. डेव्हिस यांच्या हातून आणि पहिल्याच पर्वात, मे २००५मध्ये, कॅप्टन जॅक हार्कनेस आला. पुरुष, स्त्री, परग्रहवासी, कोणाशीही तितक्याच आनंदाने लगट करणारा! योगायोग असा की त्याच मे महिन्यात ‘एंटरप्राइझ’चा शेवटचा भाग दाखवून अठरा वर्षांची ‘स्टार ट्रेक’ मालिकांची अखंड साखळी तुटली. लेखकांच्या खोलीत निर्णय घेणारा माणूस कोण, याने किती फरक पडतो ते इथे दिसते. ‘डिस्कव्हरी’ची आखणी करणारे ब्रायन फुलर स्वतः समलिंगी आहेत. ‘व्हॉयेजर’च्या काळात एखादे पात्र समलिंगी असणार अशी नुसती अफवा उठली तेव्हा आलेली द्वेषपत्रे त्यांनी जपून ठेवली होती, आणि कधी आपल्या हातात मालिका आली तर हे करायचेच, असे त्यांनी तेव्हाच ठरवले होते. पहिला भाग पडद्यावर येण्याच्या आधीच ते त्या कामातून बाहेर पडले. ते जोडपे मात्र राहिले.

पडवी

इतके दिवस नुसते वाचत होतो. ‘डिस्कव्हरी’चा विषय निघाला म्हणून लिहितो. ही मालिका भारतात नेटफ्लिक्सवर २०१७च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे कलम ३७७ जसेच्या तसे लागू होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. मी पुरुष आहे आणि माझा जोडीदारही पुरुष आहे, त्यामुळे ‘चूज युअर पेन’ हा भाग आम्ही दोघांनी कोणत्या नजरेने पाहिला असेल, हे समजून घ्यावे. यानावरचा शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर रात्रीच्या कपड्यांत आरशापुढे उभे राहून दात घासत आहेत. कल्बर चिडला आहे, कारण स्टॅमेट्सने स्वतःच्या जिवावर प्रयोग केला. स्टॅमेट्स त्याची समजूत घालतो आहे. तोंडात ब्रश असताना माणूस जसा अर्धवट बोलतो तसे बोलणे चालले आहे. कोणी काही कबूल करत नाही, संगीत चढत नाही. दोघे निघून जातात, आणि मग स्टॅमेट्सचे प्रतिबिंब आरशात तसेच मागे राहते! कथेला त्या दृश्याकडून हवे होते ते एवढेच: त्या प्रयोगाने काहीतरी भलतेच घडवले आहे, ही सूचना. दोन पुरुषांचा संसार हा त्या दृश्याचा विषयच नव्हता, तो नुसता तिथे होता. सातवा मैल यांना हवी असलेली विज्ञानकथा आणि आम्हाला हवे असलेले घर एकाच चौकटीत मावले होते.

त्यानंतर तीन महिन्यांत, जानेवारी २०१८मध्ये, कल्बरची मान मोडून त्याला मारण्यात आले. समलिंगी पात्र आणायचे, प्रेक्षकांचा जीव लावायचा आणि मग त्यालाच मारायचे, ही अमेरिकन मालिकांची जुनी खोड आहे आणि तिच्यावर तोवर पुष्कळ टीका होऊन गेली होती. निर्मात्यांनी आणि कल्बर साकारणाऱ्या विल्सन क्रूझ यांनी ही त्या दोघांची अखेर नाही असे लगेच सांगितले आणि दुसऱ्या पर्वात, २०१९मध्ये, यान ज्याच्यातून प्रवास करते त्या बुरशीच्या जाळ्यातून कल्बर परतला. परतल्यावर तो आनंदाने स्टॅमेट्सच्या मिठीत गेला नाही, हे मला फार आवडले. आपले शरीर नवे आहे, जुन्या सवयी आपल्या वाटत नाहीत, म्हणून तो काही काळ वेगळा राहतो. स्टॅमेट्स साकारणारे अँथनी रॅप आणि क्रूझ या दोघांनी ते अवघडलेपण छान पेलले आहे. दोघेही प्रत्यक्ष जीवनात आपली ओळख कित्येक वर्षे उघडपणे सांगत आले आहेत.

अधलीमधली ओळ

पडवी, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले.

‘डिस्कव्हरी’च्या तिसऱ्या पर्वातल्या अदिरा आणि ग्रे यांच्याविषयी माझे मन अजून दुभंगलेले आहे. अदिरा नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना स्त्री ना पुरुष मानणाऱ्या व्यक्ती आहेत आणि ती भूमिका करणारे ब्लू देल बारिओदेखील. आपल्याला कसे संबोधावे ते अदिरा स्टॅमेट्सला एका वाक्यात सांगतात, स्टॅमेट्स ‘बरं’ म्हणतो आणि पुढच्या वाक्यापासून तसेच बोलतो. ‘द आउटकास्ट’मध्ये जे समजावायला अख्खा भाग खर्ची पडला होता, ते इथे बोलण्याच्या ओघात उरकते. ग्रे हा पारलिंगी तरुण आहे आणि तो ट्रिल आहे, म्हणजे १९९१पासून चालत आलेल्या त्या प्रजातीचे वर्तुळ इथवर पोहोचले. पण तो प्रथम भेटतो तो मृत म्हणून, केवळ अदिरांनाच दिसणारा. त्याला सर्वांना दिसणारे शरीर मिळायला चौथे पर्व उजाडावे लागले. अदृश्य असण्याच्या वेदनेवर कथा लिहायची म्हणून पहिल्याच पारलिंगी पात्राला खरोखर अदृश्य करावे का? इथे रूपक पुन्हा माणसावर स्वार झाले, असे मला वाटते.

सातवा मैल

पडवी यांनी वर्णन केलेला दात घासण्याचा भाग मी पाहिला होता आणि प्रतिबिंब राहिल्याचे मला लख्ख आठवते. दृश्यात दोन पुरुष होते हे तेव्हा खटकले नव्हते, एवढे मान्य करतो. माझा आक्षेप ‘डिस्कव्हरी’च्या एकूण लेखनावर आहे आणि तो कायम आहे. प्रत्येक संकटात पात्रे थांबून भावनांवर बोलत बसतात, मग ती कोणीही असोत. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

एक विचारायचे आहे. या विषयाच्या दृष्टीने जुने भाग पाहायचे असतील तर कुठून सुरुवात करावी?

तिरपी चौकट

‘डिस्कव्हरी’च्या त्या भावुकपणाबद्दल माझेही काही वेगळे मत नाही.

सुरुवात ‘रिजॉइन्ड’पासून करावी. तो एकटा पाहिला तरी समजतो, फक्त ट्रिल म्हणजे काय तेवढे माहीत असावे. मग मागे वळून ‘द होस्ट’ पाहावा. उलट क्रमाने पाहिल्यास क्रशरची सबब किती अवघडलेली आहे ते जास्त कळते. ‘द आउटकास्ट’ सोरेनच्या भाषणासाठी पाहावा आणि रायकर-सोरेन यांच्या गप्पांकडे कान ठेवावा. ‘ब्लड अँड फायर’ चाहत्यांच्या ‘फेज टू’ या हौशी मालिकेने २००८-०९ला दोन भागांत केली, दिग्दर्शक जेरॉल्ड स्वतः होते. अभिनय जेमतेम आहे, पण वीस वर्षे थांबलेली पटकथा म्हणून जरूर पाहावी. ‘पिकार्ड’च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी सेव्हन ऑफ नाइन आणि राफी या दोघींची बोटे एका खेळाच्या पटावर गुंफलेली दिसतात, ते मात्र पूर्वतयारीविना आल्यासारखे वाटते, पुढच्या पर्वांत त्याला थोडा आकार आला आहे.

आणि ‘डीप स्पेस नाइन’ सलग पाहणार असाल तर गॅरॅककडे लक्ष असू द्यावे. शिंपी म्हणून वावरणारा हा हेर तरुण डॉक्टर बशीरला पहिल्यांदा भेटतो, त्याच्या शेजारी बसतो आणि निघताना त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवतो. हे आपण उघड आकर्षण म्हणूनच केले, असे अँड्र्यू रॉबिन्सन यांनी अनेकदा सांगितले आहे. लेखकांनी ते पुढे नेले नाही. गॅरॅकला झियाल आणि बशीरला एझरी, अशा प्रेयसी देऊन टाकल्या. ‘लोअर डेक्स’ या अ‍ॅनिमेटेड ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या शेवटच्या पर्वात, डिसेंबर २०२४मध्ये, गॅरॅक आणि बशीर जोडपे म्हणून दिसले, आवाज त्याच दोघा नटांचे, रॉबिन्सन आणि अलेक्झांडर सिद्दिग यांचे. पण ते दोघे निराळ्या विश्वांतले, आणि त्यातला बशीर तर त्रिमितीय प्रतिमा! मूळ विश्वातल्या त्या दोघांविषयी अजून कोणी काही ठरवलेले नाही, आणि दोन्ही नट ते करायला आजही राजी दिसतात.